मनाच्या त्रासासाठी नेमकं कुणाकडे जायचं?

छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, दरदरून घाम आणि ‘आता आपलं काही खरं नाही’ अशी खात्री. रात्री रिक्षा करून दवाखाना गाठला जातो, ईसीजी निघतो आणि तो नॉर्मल येतो. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका,’ असं सांगून घरी पाठवतात. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग टू-डी इको, मग गॅस असेल म्हणून एंडोस्कोपी, मग थायरॉइडची तपासणी, मध्येच कुणी सुचवलं म्हणून दृष्ट काढणं. वर्ष-दीड वर्ष असं गेल्यावर कुणीतरी पहिल्यांदा म्हणतं, हा पॅनिक अटॅक आहे आणि यावर उपचार आहेत. समुपदेशनाच्या कामात ही हकीगत इतक्या जणांकडून ऐकली आहे की तपासण्यांचा क्रमही पाठ झाला आहे.

उपचार उशिरा सुरू झाले की आपण ‘लोक काय म्हणतील’ या भीतीला दोष देतो. ती भीती आहेच. पण माझ्या अनुभवात तितकाच वेळ आणखी एका साध्या कारणाने जातो: कुणाकडे जायचं हेच घरात कुणाला ठाऊक नसतं. सायकिअॅट्रिस्ट आणि सायकॉलॉजिस्ट यांत फरक काय, समुपदेशक औषध देतो का, थेरपी म्हणजे नुसत्या गप्पा का, एकदा गोळ्या सुरू झाल्या की जन्मभर का, या प्रश्नांवर माणूस अडून बसतो. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की देशातल्या दर १०० प्रौढांपैकी १० ते ११ जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. नैराश्य, चिंता अशा नेहमीच्या आजारांमध्ये दर १०० पैकी ८५ जणांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नव्हता, आकडा होता ०.७५. म्हणजे माणसं आधीच कमी, त्यात नेमक्या कुणाचं दार वाजवायचं ते माहीत नाही.

कोण काय करतं

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअॅट्रिस्ट, हे आधी एमबीबीएस झालेले डॉक्टर असतात. त्यानंतर त्यांनी मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेलं असतं. निदान करणं, औषध देणं, रक्ताच्या तपासण्या सांगणं, गरज पडली तर दाखल करून घेणं हे सगळं ते करतात. सुरुवात डॉक्टरपासून करण्याचा एक मोठा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. थायरॉइडचा बिघाड, रक्ताची किंवा बी-१२ ची कमतरता, काही औषधांचे दुष्परिणाम हे हुबेहूब नैराश्यासारखे दिसू शकतात. सहा महिने मन मोकळं करत बसायचं आणि मूळ दोष थायरॉइडचा निघायचा, हे टाळलेलंच बरं. न्यूरॉलॉजिस्ट मात्र वेगळे. फिट येणं, पक्षाघात, कंपवात हे त्यांचं क्षेत्र. ‘डोक्याचा डॉक्टर’ म्हणून अनेक जण थेट त्यांच्याकडे जातात आणि तिथून त्यांना परत पाठवलं जातं.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, हे डॉक्टर नसतात. मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर साधारणपणे दोन वर्षांचं एम.फिल. रुग्णालयात, रुग्णांसोबत काम करून पूर्ण केलेलं असतं. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, असते आणि नोंदणी क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. क्रमांक मागायला संकोचू नका. खरी नोंदणी असलेल्या माणसाला त्याचा राग येत नाही. बुद्ध्यांकाच्या, अध्ययन अक्षमतेच्या, व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या आणि पद्धतशीर मानसोपचार, म्हणजे बोलून केली जाणारी थेरपी, हे त्यांचं काम. औषध ते लिहून देऊ शकत नाहीत. कुणी मानसशास्त्रज्ञ म्हणवून गोळ्यांची नावं लिहून देत असेल, तर तिथून उठा.

समुपदेशक हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात सैल गट. यात मानसशास्त्रात एम.ए. करून वर्षानुवर्षं मार्गदर्शनाखाली काम केलेले उत्तम लोक आहेत आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून बोर्ड लावलेलेही आहेत. या क्षेत्राला शिस्त यावी म्हणून २०२१ मध्ये संबंधित आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. तरी आजच्या घडीला बोर्ड बघून पारख होत नाही, प्रश्न विचारूनच होते. शिक्षण काय, कुठल्या पद्धतीत प्रशिक्षण घेतलं, तुमच्या कामावर ज्येष्ठांची देखरेख आहे का, माझ्यासारखी अडचण असलेल्या लोकांसोबत काम केलंय का. नोकरी बदलणं, घटस्फोट, जवळच्या माणसाचा मृत्यू, मुलांशी न पटणं, लग्नाआधीचा गोंधळ, परीक्षेचा ताण यांसाठी चांगला समुपदेशक पुरेसा असतो. ‘लाइफ कोच’ ही मात्र कुठलीच वैद्यकीय ओळख नाही. आजारासाठी त्यांच्याकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक माणूस असतो, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: सायकिअॅट्रिक सोशल वर्कर. स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होण्याचा आजार) किंवा बायपोलर (मन टोकाचं वर-खाली होण्याचा आजार) असलेल्या रुग्णाच्या घरी खरी अडचण अनेकदा औषधाच्या पलीकडची असते. नोकरी कशी टिकवायची, भावकीला काय सांगायचं, वडिलांनंतर याचं कोण बघणार. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर सवलती मिळतात, हे अनेक कुटुंबांना पहिल्यांदा या कार्यकर्त्यांकडूनच कळतं.

थेरपीच्या खोलीत काय चालतं

‘नुसतं बोलून काय होणार?’ हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. म्हणून जरा आत डोकावूनच बघू.

सुरुवातीच्या त्या पॅनिक अटॅकचंच घ्या. घाबरल्यावर श्वास जलद होतो. श्वास जलद झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, गरगरतं. माणूस या मुंग्यांचा अर्थ ‘झटका येतोय’ असा लावतो, त्याने भीती आणखी वाढते, श्वास आणखी जलद होतो. बहुतेक वेळा दहा-एक मिनिटांत हे शिगेला पोचतं आणि मग ओसरू लागतं. हृदय एकदा नीट तपासून झालं असेल, तर थेरपिस्ट आधी हे चक्र कागदावर काढून दाखवतो. पुढच्या सत्रात तो मुद्दाम एक मिनिट जोरजोरात श्वास घ्यायला लावतो, खुर्चीवर बसवून गोल फिरवतो, जिने भरभर चढायला लावतो. तीच धडधड, तेच गरगरणं, आणि काहीही वाईट घडत नाही. शरीराची भीती शरीरालाच अनुभव देऊन मोडली जाते. (छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, तर मात्र आधी हृदयाची तपासणी. तिथे स्वतःचं निदान स्वतः करायचं नाही.)

हा प्रकार ज्या मोठ्या पद्धतीत मोडतो तिला सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्याची पद्धत) म्हणतात. अमेरिकेत आरॉन बेक यांनी १९६० च्या दशकात ती मांडली. त्याच्या थोडं आधी, १९५५ च्या सुमारास, अल्बर्ट एलिस यांनी आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी) सुरू केली होती आणि ती मराठीत ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ म्हणून रुजवली कि. मो. फडके यांनी. आज महाराष्ट्रात असंख्य समुपदेशक जी भाषा सहज वापरतात, त्यात फडक्यांचा वाटा फार मोठा आहे. एलिस यांचं म्हणणं असं की प्रसंग आपल्याला थेट दुःखी करत नाही. प्रसंगाबद्दलचा आपला हट्टी आग्रह, ‘असं व्हायलाच हवं’, ‘लोकांनी माझ्याशी चांगलंच वागलं पाहिजे’, तो त्रास शंभरपट करतो.

प्रत्यक्षात हे असं चालतं. समजा बँकेत काम करणाऱ्या एक बाई आहेत (अनेकींच्या गोष्टी मिळून केलेलं हे एक उदाहरण). साहेबांनी त्यांची फाइल न बघताच ‘ठेवून जा’ म्हटलं. दिवसभर पोटात गोळा. थेरपिस्टने दिलेल्या वहीत त्या लिहितात. प्रसंग: साहेब ‘ठेवून जा’ म्हणाले. विचार: माझं काम त्यांना पसंत नाही, सगळ्यांच्या आधी मलाच बदलीवर पाठवतील. भावना: भीती, १०० पैकी ८०. मग दोन रकाने. या विचाराच्या बाजूने पुरावा काय? त्यांनी वर बघितलं नाही. विरुद्ध पुरावा काय? त्या दिवशी ऑडिट होतं, शेजारच्या सहकाऱ्यालाही तसंच म्हणाले, गेल्या महिन्यात माझंच काम त्यांनी दुसऱ्यांना दाखवलं होतं. शेवटच्या रकान्यात त्या लिहितात, ‘ते कामात होते, मला अंदाज नाही, उद्या विचारेन.’ भीती आता ८० वरून ४५. शून्य होत नाही आणि व्हायची गरजही नाही. ‘पॉझिटिव्ह विचार करा’ या सल्ल्याशी याचा काही संबंध नाही. इथे गोड विचार शोधायचा नसतो, खरा शोधायचा असतो. अशी पंधरा-वीस पानं भरली की बाईंना स्वतःलाच दिसतं की आपलं मन दर वेळी त्याच गल्लीत शिरतंय.

ओसीडी म्हणजे नको असलेल्या शंका आणि त्यापोटी तीच तीच कृती करत राहण्याचा आजार. त्यावरचे उपचार याहून कठोर वाटतात, पण त्यांचा गुण मी जवळून पाहिला आहे. गॅस बंद केला का, हे बघायला एक गृहस्थ दारातून पुन्हा पुन्हा मागे येतात. बायकोला विचारतात, ती म्हणते, ‘हो, बंद आहे.’ दोन मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा शंका. उपचारात ठरतं की गॅस एकदाच बघायचा, कुलूप लावायचं, बाहेर पडायचं आणि परत फिरायचं नाही. जीव वरखाली होतो, होऊ द्यायचा. बराच वेळ तसंच थांबलं की कुणी काही न करताही बेचैनी हळूहळू उतरते आणि मेंदू ते शिकतो. सोप्या पायरीपासून अवघड पायरीपर्यंत हे आठवड्यांच्या हिशेबाने चालतं. यात बायकोलाही एक अवघड काम असतं: ‘हो, बंद आहे’ असं म्हणणं थांबवायचं. प्रेमापोटी दिलेली ती खात्रीच आजाराला खतपाणी घालत असते, हे कुटुंबाला समजावण्यात एखादं अख्खं सत्र जातं.

नैराश्यात याहून साधी वाटणारी पद्धत वापरतात. मन लागत नाही म्हणून माणूस काही करत नाही, आणि काही करत नाही म्हणून मन आणखीच खाली जातं. तर मन लागायची वाट न बघता आधी कृती ठरवायची, छोटी आणि वेळ लावून: सकाळी सात वाजता अंगणात दहा मिनिटं, बुधवारी बहिणीला फोन. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने हेच घेऊन फार मोलाचं काम केलं. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, मानसोपचाराचं आधी काहीही शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांसोबत सहा ते आठ भेटी घडवल्या. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य बऱ्यापैकी ओसरलं होतं, ज्यांना फक्त नेहमीची सेवा मिळाली त्यांच्यातल्या ३९ टक्क्यांचं. गावात तज्ज्ञ नाही म्हणून काहीच होऊ शकत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी हा अभ्यास सांगते.

बाकीच्या पद्धती थोडक्यात. लहानपणापासून पुन्हा पुन्हा तसेच संबंध जुळतात आणि तसेच तुटतात, असं वाटत असेल तर भूतकाळात खोल जाणारी सायकोडायनॅमिक पद्धत उपयोगी पडते, तिला वेळ लागतो. भावना अनावर होऊन स्वतःला इजा करणाऱ्यांसाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांची डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) आहे. अपघात, अत्याचार, आपत्तीच्या आठवणी छळत असतील तर त्यासाठीच्या आघातकेंद्री पद्धती आहेत, आणि त्या प्रशिक्षित माणसाकडूनच घ्याव्यात, कारण जखम उघडून तशीच सोडली तर त्रास वाढतो. जोडप्यांसाठी आणि कुटुंबासाठी वेगळं काम असतं. व्यसनात मात्र गटाची ताकद मोठी. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे करत आलं आहे आणि तिथे व्यसनी माणसाच्या पत्नीसाठी स्वतंत्र सहचरी गट असतो, कारण आजार एकाचा असला तरी त्याने घर सगळंच पोखरलेलं असतं.

गोळ्यांबद्दल

सगळ्यात जास्त गैरसमज इथे. नैराश्यावरची औषधं आज घेतली आणि उद्या बरं वाटलं, असं होत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहा लागतात. मळमळ, झोपेतला बदल, थोडी अस्वस्थता हे दुष्परिणाम मात्र पहिल्याच आठवड्यात दिसतात. म्हणजे त्रास आधी आणि फायदा नंतर. ‘मला सूट झालं नाही’ म्हणून आठव्या दिवशी गोळ्या बंद करणारे अनेक जण नेमके याच फटीत अडकलेले असतात. हे आधी सांगितलं असतं, तर ते थांबले असते. बरं वाटल्यावरही पहिल्या खेपेला साधारण सहा महिने किंवा जास्त औषध चालू ठेवायचं असतं आणि मग डॉक्टरच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करायचं असतं. एकदम तोडलं तर चक्कर, चिडचिड, विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असे त्रास होतात. त्यालाच लोक ‘सवय लागली’ समजतात.

खरी सवय लागते ती वेगळ्या गोळ्यांची. झोपेसाठी किंवा घबराटीसाठी दिली जाणारी अल्प्राझोलामसारखी औषधं थोड्या दिवसांसाठी योग्यच असतात. पण जुनी चिठ्ठी दाखवून, किंवा चिठ्ठीशिवायच, वर्षानुवर्षं मेडिकलमधून आणून घेणारे काका-काकू आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतात. ते थांबवायचं असेल तरी एकदम नाही, डॉक्टरच्या देखरेखीखाली.

औषध की थेरपी, असा वाद मला निरर्थक वाटतो. सौम्य नैराश्यात किंवा चिंतेत थेरपी एकटी पुरते. तीव्र नैराश्यात दोन्ही एकत्र चांगलं काम करतात, कारण अंथरुणातून उठताच येत नसेल तर वही कोण भरणार? स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरमध्ये औषध हा पाया असतो, तिथे ‘आधी बोलून बघू’ म्हणणं धोक्याचं. शॉक ट्रीटमेंटचं नाव काढलं की सिनेमातलं दृश्य डोळ्यांसमोर येतं. आज ती भूल देऊनच होते, भूल न देता ती देण्यावर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे, आणि खाणंपिणं सोडलेल्या किंवा जिवावर उठलेल्या रुग्णात ती प्राण वाचवते.

थांबायचं किती?

दुःख झालं की लगेच उपचार, असं कुणीच म्हणणार नाही. वडील गेले, पीक गेलं, लग्न मोडलं, तर माणूस रडणारच. मी तीन गोष्टी बघते: किती दिवस, किती खोल, आणि रोजच्या जगण्यावर काय परिणाम. उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त, जवळपास रोज आणि दिवसभर टिकलं असेल. झोप आणि भूक बिघडली असेल. कामावर चुका होत असतील, सुट्ट्या वाढल्या असतील. शांत होण्यासाठी दारू लागू लागली असेल. डोकेदुखी, पाठदुखी, पोटाची तक्रार तपासण्यांत काहीच न निघता चालू राहिली असेल, तर दाखवून घ्या. मुलांमध्ये उदासी अनेकदा चिडचिडीच्या रूपाने येते. अभ्यासात एकदम घसरण, मित्र तुटणं, शाळेच्या वेळेला पोटात दुखणं याकडे ‘नाटकं’ म्हणून बघू नये.

काही वेळा मात्र दोन आठवडे सोडाच, दोन दिवसही थांबायचं नसतं. कानात आवाज येणं, सगळे आपल्या वाइटावर आहेत असं ठाम वाटणं. चार-पाच रात्री न झोपताही प्रचंड उत्साह, भरमसाट खर्च, अखंड बडबड. बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत आई विचित्र बोलू लागली, झोपेना, बाळाबद्दल भलतंच काही म्हणू लागली, तर ती तातडीची गोष्ट आहे, ‘ओली बाळंतीण आहे, होतं असं’ म्हणून सोडायची नाही. म्हातारं माणूस एक-दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखं बोलू लागलं तर तो बहुधा शारीरिक आजार असतो, लघवीचा संसर्ग किंवा सोडियम कमी होणं, आणि त्याला आधी साध्या रुग्णालयात न्यायचं. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने संकल्प करून एका दिवसात दारू तोडली तर पुढच्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. दारू सोडायलाही डॉक्टर लागतो, हे फार कमी घरांत माहीत असतं.

मरणाचे विचार. कुणी ‘मी नसलो तर तुम्ही सुटाल’ म्हणालं, वस्तू वाटायला लागलं, हिशेब मिटवू लागलं, तर थेट विचारा: ‘जीव द्यायचे विचार येतात का? कसं करायचं ते ठरवलंय का?’ विचारल्याने डोक्यात नवा विचार शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस पहिल्यांदा मोकळा होतो. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही. घरातलं कीटकनाशक, गोळ्यांचा साठा त्याच क्षणी हलवायचा. शेतातल्या घरात फवारणीचं औषध कुलपात आणि चावी दुसऱ्याकडे, एवढ्याने जीव वाचलेले आहेत, कारण तो टोकाचा आवेग पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो. मग जवळचं रुग्णालय किंवा १४४१६. हा टेली-मानस या केंद्र सरकारच्या मोफत हेल्पलाइनचा नंबर आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. फोन आधी प्रशिक्षित समुपदेशक घेतात आणि गरज असेल तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. पोलिसांची भीती बाळगू नका. २०१७ च्या कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरलं जातं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उरलेलं नाही.

पहिली भेट आणि खर्च

पहिलं सत्र साधारण पाऊण तास ते तासाभराचं. त्रास काय, कधीपासून, झोप, घर, नोकरी, घरात आधी कुणाला असा आजार होता का, हे विचारलं जातं. सगळं पहिल्याच दिवशी सांगायचं बंधन नाही. गोपनीयता हा रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल तर मात्र थेरपिस्टला बोलावं लागतं, आणि चांगला थेरपिस्ट हे सुरुवातीलाच सांगतो. चार-सहा भेटींनंतर आपण कशासाठी येतोय हेच धूसर असेल तर तसं विचारा, समाधान झालं नाही तर माणूस बदला. ‘दहा सत्रांत पूर्ण बरं करतो’ अशी हमी देणारा, डॉक्टरला न विचारता गोळ्या बंद करायला सांगणारा, बाहेर भेटू म्हणणारा, तुमच्या जातीवर, लग्नावर किंवा लैंगिक कलावर शेरे मारणारा, यांच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

खासगीत शहरात एका सत्राला हजार-दीड हजार सहज लागतात आणि ते प्रत्येकाला परवडणारं नाही, हे मान्यच करायला हवं. म्हणून सरकारी वाटा माहीत असाव्यात. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे, पुण्यात ससून, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (‘मेडिकल’), इथे बाह्यरुग्ण विभाग आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयंही रोज बाह्यरुग्ण तपासतात, तिथे जाणं म्हणजे दाखल होणं असा अर्थ नाही. गोव्यात बांबोळीचं आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था मराठीत हे काम सातत्याने करते आहे. आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं असं २०१७ चा कायदा सांगतो, पण अनेक पॉलिसी फक्त दाखल झाल्यावरचाच खर्च देतात, तेव्हा अटी वाचून घ्या. परदेशात राहणाऱ्यांसाठी एक सूचना: मराठी थेरपिस्ट हवा म्हणून भारतातून ऑनलाइन सत्रं घेणारे अनेक आहेत, पण परवान्याचे नियम तुम्ही राहता त्या देशाचे, अमेरिकेत तर त्या राज्याचे लागतात. आणीबाणीच्या वेळी कुणाला बोलवायचं हे पहिल्याच भेटीत तिथल्या हिशेबाने ठरवून ठेवा.

‘तो यायलाच तयार नाही’

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, बहुतेक वेळा आईकडून. आधी एक करा, तुम्ही एकट्या जा. रुग्ण नसतानाही नातेवाइकाला डॉक्टरशी किंवा सोशल वर्करशी बोलता येतं आणि घरी कसं बोलावं, काय टाळावं हे तिथे कळतं. मुलाला ‘तुझं डोकं तपासून घेऊ’ म्हणण्याऐवजी त्याला जो त्रास स्वतःला जाणवतो तो धरा: ‘झोप येत नाही ना, त्यासाठी जाऊ.’ फसवून, ‘मामाकडे जातोय’ सांगून नेलं तर एकदा जमतं, पण पुढची दहा वर्षं तो कुणावर विश्वास ठेवत नाही. जेवणात चोरून औषध मिसळण्याबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. त्याच्या मित्राचं, मावशीचं, शाळेतल्या सरांचं तो ऐकत असेल तर त्यांना मध्ये घ्या. देवाला नेणं घरात महत्त्वाचं असेल तर तेही करा, फक्त साखळदंड, मारहाण आणि उपाशी ठेवणं यांना थारा देऊ नका, आणि दर्शन झाल्यावर दवाखाना ठरलेला असू द्या.

तरीही तो येत नाही, स्वतःला किंवा इतरांना इजा करतोय किंवा स्वतःची अगदी प्राथमिक काळजीही घेऊ शकत नाही, अशी वेळ आली तर कायद्यात वाट आहे. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (त्याने स्वतः नेमलेल्या, नाहीतर कायद्याने ठरणाऱ्या व्यक्तीच्या) अर्जावरून, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरे एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी स्वतंत्रपणे तपासून तशी गरज नोंदवली, तर त्याला जास्तीत जास्त ३० दिवस दाखल करता येतं. त्यापुढे ठेवायचं तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची परवानगी लागते आणि रुग्ण स्वतःही या मंडळाकडे दाद मागू शकतो. घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक औषधाचं नाव आणि डोस, पुढच्या तपासणीची तारीख, आणि मधल्या काळात त्रास वाढला तर कुठल्या नंबरवर फोन करायचा, एवढं लिहून घेतल्याशिवाय तिथून निघू नका.